नळाने येणाऱ्या गॅसचा हिशेब

तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. दर माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारायचे, अशी अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळून काच होण्यासाठी भट्टीत सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यामुळे काच कारखान्याला वाळूइतकीच इंधनाचीही काळजी वाहावी लागते.

आज तळेगाव, चाकण आणि पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात धातू तापवणाऱ्या भट्ट्या, मोटारींचा रंग भाजून पक्का करणाऱ्या भट्ट्या, वाफेचे बॉयलर अशी उष्णतेची कितीतरी गिऱ्हाइके आहेत. सोबत लाखो घरांच्या चुली आहेत, रिक्षा आणि बसगाड्या आहेत. या सर्वांना चालणारे एक इंधन रस्त्याखालच्या नळांतून येते. ते म्हणजे नैसर्गिक वायू. गेल आणि भारत पेट्रोलियम या कंपन्यांच्या पुढाकाराने २००६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी पुणे, पिंपरी-चिंचवड आणि लगतच्या हिंजवडी, चाकण, तळेगाव भागांत तो पुरवते. हा गॅस 'स्वच्छ इंधन' म्हणून ओळखला जातो. तो कितपत स्वच्छ आहे आणि त्याचा खर्च कसा भागतो, हे या लेखात पाहू. दोन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी नळापाशीच येऊन मिळतात.

नळातून काय येते?

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. त्याच्या रेणूत कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. रेणुभार १६. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९ धरतात. म्हणून मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि गळाला तर वर जातो. सिलिंडरमधील प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे रेणुभार ४४ आणि ५८. ते जड असल्याने जमिनीलगत साचतात. नळाचा गॅस असलेल्या स्वयंपाकघरात छताजवळ झरोका का हवा, हे यावरून विद्यार्थ्यांना सहज सांगता येते. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन गटातील उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात.

देशात निघणारा गॅस पुरेसा नाही. आपल्या गरजेपैकी जवळजवळ निम्मा गॅस परदेशातून येतो. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केला की त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते आणि तो जहाजातून आणता येतो. किनाऱ्यावर त्याचे पुन्हा वायूत रूपांतर करून तो मोठ्या वाहिन्यांत सोडतात. शहराच्या वेशीवरील केंद्रात दाब उतरवला जातो. गल्लीतल्या प्लास्टिकच्या नळांत तो सुमारे ४ बार असतो, तर शेगडीपाशी अवघा २१ मिलिबार, म्हणजे यू-नळीतील पाणी सुमारे २१ सेंटिमीटर उचलण्याइतका.

खर्च नळाचा, उत्पन्न मीटरचे

नळ टाकण्याचा खर्च आधी आणि एकदम होतो. रस्ता खोदायचा, नळ पुरायचा, रस्ता बुजवायचा, त्याचे पैसे महापालिकेला भरायचे. त्या नळावर दहा घरे असोत वा पाचशे, या खर्चात फारसा फरक पडत नाही. मात्र तो दहा घरांत वाटला की प्रत्येकाला जड होतो, पाचशे घरांत वाटला की हलका. पैसा फंडाचे गणितही असेच होते. पुष्कळांचा थोडा थोडा वाटा मिळाला तरच मोठे काम उभे राहते.

एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांनी दोन नळ टाकणे हा निव्वळ अपव्यय होईल. म्हणून पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, जे २००६ च्या कायद्याने निर्माण झाले, एका भौगोलिक क्षेत्रात नळांचे जाळे उभारण्याचा हक्क एका कंपनीला ठरावीक वर्षांपुरता देते. मक्तेदारी आली की देखरेखही आवश्यक ठरते. जाळे किती वाढवायचे, सुरक्षिततेचे कोणते नियम पाळायचे, हे मंडळ ठरवते.

घरगुती गिऱ्हाईक थोडा गॅस घेते, पण वर्षानुवर्षे घेत राहते. कारखाना पुष्कळ घेतो, पण तो इंधन बदलू शकतो. युक्रेन युद्धामुळे २०२२ मध्ये आयात गॅसचे भाव भडकले, तेव्हा गुजरातेतील मोरबीच्या अनेक फरशी कारखान्यांनी नैसर्गिक वायू सोडून प्रोपेन धरला. कारखाना बंदही पडू शकतो. तळेगावातला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले आणि नंतर तो ह्युंदाईने घेतला. मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर नळ टाकणाऱ्याला अशा शक्यता धरूनच चालावे लागते.

भाव कसा ठरतो?

ओएनजीसीसारख्या सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतून निघणाऱ्या स्वस्त गॅसवर घरे आणि सीएनजी वाहने यांचा अग्रहक्क आहे. किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ पासून या गॅसचा भाव भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के धरतात आणि त्याला वरची व खालची मर्यादा असते. पण जुन्या विहिरींचे उत्पादन घटत आहे आणि गिऱ्हाइके वाढत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरी गॅस कंपन्यांचा स्वस्त गॅसचा वाटा बराच कापला गेला. तूट महागड्या गॅसने भरावी लागली.

करांचाही भाग आहे. नैसर्गिक वायू अद्याप वस्तू व सेवा कराच्या कक्षेत नाही. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२२ पासून त्यावरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. म्हणजे घरच्या बिलातील आकड्यामागे विहीर, जहाज, डॉलर आणि विधानसभा एवढे सगळे उभे असते.

धूर कमी, पण गळतीचे काय?

आता स्वच्छतेकडे वळू. हा हिशेब नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येईल.

१२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. १६ ग्रॅम मिथेन जळला तरी कार्बन डायऑक्साइड तेवढाच, ४४ ग्रॅम, पण उष्णता सुमारे ८०२ किलोज्यूल. जास्तीची उष्णता हायड्रोजनच्या ज्वलनातून येते. दर मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइड किती, हे काढले तर शुद्ध कार्बनसाठी सुमारे ११२ ग्रॅम आणि मिथेनसाठी सुमारे ५५ ग्रॅम येतो. सिलिंडरच्या गॅससाठी हाच आकडा सुमारे ६६ आहे. शिवाय मिथेनच्या ज्वलनात राख नाही, काजळी आणि गंधकाचे ऑक्साइड जवळजवळ नाहीत. दमा असलेल्या मुलाच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे.

पण मिथेन न जळता हवेत गेला तर? तो स्वतःच प्रभावी हरितगृह वायू आहे. वातावरणात तो सरासरी १२ वर्षे टिकतो आणि वीस वर्षांच्या मुदतीत एक ग्रॅम मिथेन सुमारे ८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. एक मेगाज्यूल उष्णतेसाठी २० ग्रॅम मिथेन लागतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत त्याच्या एक टक्का, म्हणजे ०.२ ग्रॅम गळला, तर १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकी भर पडते. ५५ चे ७१ होतात. म्हणजे सिलिंडरच्या गॅसवरची आघाडी एक टक्का गळतीतच जाते. साडेतीन टक्के गळला तर आकडा १११ होतो आणि कोळशावरची आघाडीही संपते.

या आकड्यांना मर्यादा आहेत. सिलिंडरचा गॅस आणि कोळसा यांच्या पुरवठ्यातही उत्सर्जन होते, ते आपण धरलेले नाही. शंभर वर्षांची मुदत घेतली तर ८० च्या जागी सुमारे ३० येतात. तरीही निष्कर्ष तोच राहतो. या इंधनाची स्वच्छता ज्योतीपेक्षा जोडांवर, झडपांवर आणि खोदकाम करणाऱ्या यंत्रांवर अवलंबून आहे. कंपनी जेवढा गॅस घेते आणि मीटरवर जेवढा विकते, त्यांतील फरक हा नुसता तोट्याचा आकडा समजू नये. त्यात मीटरची चूकही असते, पण गळतीही असते. तो दरवर्षी नागरिकांना कळावा असे आम्हांला वाटते.

नळाचे आयुष्य आणि हवेची निकड

इथे खरी अडचण येते. नळाचा खर्च वसूल व्हायला तो काही दशके वापरात राहावा लागतो. हवामानाची निकड मात्र त्याच दशकांत जीवाश्म इंधने कमी करण्याची आहे. पुण्याच्या पीएमपीएमएलने आधी सीएनजी बस घेतल्या आणि २०१९ पासून विजेवरच्या बसही रस्त्यावर आणल्या. उद्या बस, रिक्षा आणि शेगड्या विजेकडे गेल्या, तर नळाचा खर्च उरलेल्या थोड्या गिऱ्हाइकांवर पडेल, आणि उरणारे बहुधा शेगडी बदलणे न परवडणारे असतील.

मग गॅस आजच सोडावा का? महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक वीज अजून कोळशाची आहे आणि औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाच्या आसपासच वीज बनते. म्हणून विजेची शेगडी आज आपोआप स्वच्छ ठरत नाही. सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसा निकाल बदलेल. दीड हजार अंशांची भट्टी विजेवर नेणे कठीण, पाणी तापवणे सोपे. तेव्हा जिथे गॅस कोळसा किंवा भट्टीचे काळे तेल हटवतो, तिथे नळ आधी न्यावा, आणि जिथे वीज लवकर पोचणार आहे, तिथे नवा नळ टाकताना दोनदा विचार करावा, हे धोरण शहाणपणाचे दिसते.

नळ तोच ठेवून आतला गॅस बदलण्याचा मार्गही आहे. ओला कचरा, शेण आणि साखर कारखान्यातील प्रेसमड यांपासून मिळणारा बायोगॅस शुद्ध केला की मिथेनच उरतो. शहरी गॅसमध्ये असा गॅस मिसळण्याचे बंधन केंद्राने घातले असून २०२५-२६ साठी त्याचे प्रमाण १ टक्का आणि २०२८-२९ पासून ५ टक्के ठरवले आहे. गळतीचा नियम मात्र त्यालाही लागू आहे.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना घरचे गॅसचे बिल आणायला सांगावे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधील उष्णता सुमारे १८ घनमीटर नैसर्गिक वायूइतकी असते. यावरून दोन्ही इंधनांचा खर्च ताडून पाहता येईल. त्यानंतर वरचा गळतीचा हिशेब अर्धा टक्का आणि दोन टक्के धरून मुलांकडून करून घ्यावा. शाळेजवळ नळाच्या खुणेचा दगड किंवा पाटी असेल तर तीही दाखवावी, आणि तिथे कोणी खोदताना दिसल्यास त्यावरच्या क्रमांकावर का कळवायचे, ते मुलांनाच सांगू द्यावे.