तंबूतल्या व्याकरणापासून शाळेपर्यंत

१९१० साली लायडनचे प्राध्यापक उलेनबेक अमेरिकेतल्या मोंटानात, ब्लॅकफूट या मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात दाखल झाले. माणूस मूळचा संस्कृतचा. संस्कृत शब्दांचा व्युत्पत्तिकोश त्यांच्या नावावर जमा होता. पुढच्या उन्हाळ्यात ते पत्नीसह परतले, तंबू ठोकला आणि जोसेफ टॅटसी या दुभाष्याला हाताशी धरून जुन्या कथा उतरवून घेऊ लागले. पत्नीची त्या मुक्कामाची रोजनिशीही आज छापील मिळते.

कथा सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनी काय काय पाहिलं होतं! १८७० च्या जानेवारीत मरायस नदीकाठी अमेरिकी सैन्याने पावणेदोनशेच्या आसपास माणसं मारली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि वृद्ध. पुढे शिकारीचे गवे संपले, आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात शेकडो जण उपासमारीने गेले.

भाषा मात्र शाबूत होती, आणि भलतीच गुंतागुंतीची. या अल्गाँक्वियन भाषेत नामं सजीव किंवा निर्जीव, आणि कर्म कुठल्या गटातलं यावर क्रियापद बदलतं. गंमत म्हणजे सुरी सजीव! उलेनबेक यांनी शिष्य व्हान खुलिक यांच्याबरोबर १९३० आणि १९३४ साली कोशाचे दोन खंड काढले, १९३८ साली व्याकरण.

पण कोश युरोपात तयार होत असताना इकडे निवासी शाळांत हीच भाषा बोलली की मुलांना शिक्षा होत होती. ती पिढी मोठी झाली आणि तिने आपल्या लेकरांशी इंग्रजीच धरली. मार नको, हाच हिशेब. त्यांना दोष देणं मला जमत नाही.

१९८७ साली डॅरेल किप आणि डोरोथी स्टिल स्मोकिंग यांनी भाषा टिकवण्यासाठी पिगन इन्स्टिट्यूट काढली, आणि नव्वदीच्या दशकात ब्राउनिंग गावात सगळं शिक्षण ब्लॅकफूटमधून देणारी शाळा सुरू झाली. किप यांचा सल्ला रोखठोक होता: कुणाची परवानगी मागत बसू नका, कामाला लागा.

सीमेपलीकडे, कॅनडातल्या अल्बर्टात, सिक्सिका, काइनाइ आणि पिकानी वस्त्यांत बोलणारे अजून काही हजार आहेत. तिथे १९७५ साली एक लेखनपद्धती मान्य झाली, आणि डोनाल्ड फ्रँट्झ व नॉर्मा जीन रसेल यांचा कोश १९८९ साली आला. तरुणांची ब्लॅकफूट म्हाताऱ्यांच्या बोलण्याहून बरीच वेगळी झाली आहे, आणि त्यावर कुरबुरही चालते. तरी फ्रँट्झ-रसेल कोशाची तिसरी आवृत्ती २०१७ साली निघालीच.