मनातलं लिंबू

डोळे मिटा आणि एक लिंबू हातात घ्या. पातळ सालीचं, पिवळंधमक. अंगठ्यानं जरा दाबून बघा. आता ते विळीवर चिरा. सालीतला बारीक तुषार बोटांवर उडाला, वास थेट नाकात गेला. अर्धी फोड जिभेवर पिळा.

तोंडाला पाणी सुटलं ना? घरात लिंबू नसलं तरी सुटतं. एमिली होम्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आपल्या प्रयोगांत लोकांना सरावासाठी नेमकी ही लिंबाची कल्पना करायला लावत. मनात चित्र उभं करणं म्हणजे काय, हे त्यातून चटकन कळतं.

एखादी गोष्ट 'डोळ्यांसमोर उभी राहिली' असं आपण सहज म्हणतो. ते किती खरं आहे, हे ऑस्लोच्या ब्रूनो लेंग आणि उन्नी सुलुत्वेत या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. लोकांनी मनात अंधारी खोली आणली की त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होत, लख्ख ऊन आणलं की लहान. बाहेरचा उजेड तेवढाच होता, आणि बाहुली काही सहसा कुणाला ठरवून आवळता येत नाही. मनातल्या उन्हानं डोळा खरोखर दिपतो! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ खिडकीशी नुसता बसून होतो.

शरीर मनातल्या चित्राला इतकं मानत असेल, तर उदास माणसाचं काय होत असेल? होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना छोटे प्रसंग ऐकवले. साधारण अशा धर्तीचे: नव्या ऑफिसातला पहिला दिवस, तुम्ही डबा उघडून एकटेच बसला आहात, पलीकडच्या टेबलावरची मंडळी तुमच्याकडे बघतायत... आणि त्यातला एकजण खुर्ची ओढून म्हणतो, 'इकडे या की!' प्रसंगाची सुरुवात संदिग्ध, शेवट गोड. काहींना सांगितलं, हे घडताना बघा. काहींना सांगितलं, शब्दांच्या अर्थाकडे लक्ष द्या. वाक्यं दोघांनाही तीच. ज्यांनी बघितलं त्यांची मनःस्थिती सुधारली. ज्यांनी नुसता अर्थ लावला त्यांना तो लाभ झाला नाही, काही प्रयोगांत तर ते आधीपेक्षा खट्टू झाले.

गोड शब्दांनी माणूस खट्टू का व्हावा? संशोधकांना वाटतं, शब्द ऐकले की मन तुलना करू लागतं. 'त्याला बोलावलं, मला कोण बोलावतंय?' चित्रात शिरलेल्या माणसाला ही तुलना करायला फुरसतच मिळत नाही, तो त्या टेबलाशी जाऊन बसलेला असतो. मात्र त्यासाठी आतूनच बघावं लागतं. २००८ च्या एका प्रयोगात, स्वतःच्या डोळ्यांनी प्रसंग बघणाऱ्यांना बरं वाटलं. पडद्यावर सिनेमा बघावा तसं स्वतःला लांबून बघणाऱ्यांना बरं वाटलं नाही. लिंबाचंही तसंच आहे. दुसरा कुणी चिरताना दिसला तर वास इतका जवळून येत नाही.

उदास माणसाची खरी अडचण इथेच आहे. त्याची कल्पनाशक्ती आटलेली नसते. वाईटाची चित्रं त्याला हवी तेवढी दिसतात. उद्याचं काही चांगलं मनात आणायला सांगितलं, की ते पुसट, धुरकट येतं. उद्या नीट दिसतच नसेल तर त्याच्यासाठी अंथरुणातून उठायचं बळ कुठून येणार? अशा माणसाला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मनात चांगली चित्रं आणण्याचा सराव हा काही रामबाण उपाय नाही. २०१५ मध्ये नैराश्य असलेल्या १५० जणांवर इंटरनेटवरून चार आठवडे असा सराव करून पाहिला. नैराश्याच्या एकूण लक्षणांत तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक पडला नाही. कशातच गोडी न वाटणं या एका लक्षणात मात्र सुधारणेची खूण दिसली. नंतर, २०१९ मध्ये, ७२ जणांनी पुढच्या आठवड्यात करायची सहा कामं निवडली. ज्यांनी ती करतानाचं चित्र एकाच बैठकीत मनात रंगवलं, त्यांना त्या कामांची ओढ इतरांपेक्षा जास्त वाटली. नुसतं ठरवून गेलेल्यांपेक्षा त्यांची कामंही जास्त झाली. तरी ज्यांना फक्त आठवण करून दिली होती, त्यांच्यापेक्षा फार पुढे ते गेले नाहीत. आठवण करून देणारं माणूस असणं हीही लहान गोष्ट नाही.

म्हणून एक विनंती. घरात कुणी कोमेजलं असेल तर 'चांगला विचार कर गं' एवढ्यावर थांबू नका. 'उद्या सकाळी गच्चीत चहा घेऊ' म्हणा, आणि तिला विचारा: कप कुठला घेशील? ऊन कुठून येतं? आल्याचा वास येतोय का? आणि उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांकडे न्या, किंवा १४४१६ वर फोन लावा. ती टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.