ओपन स्प्रिंगची गादी कुणासाठी?

दुकानात ‘बॉनेल’ नावाने मिळणारी गादी म्हणजेच ओपन स्प्रिंगची गादी. तिच्यातल्या स्प्रिंगा डमरूसारख्या, मध्ये निमुळत्या असतात. बारीक वेटोळ्या तारांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि कडेने जाड तारेची चौकट असते. वर फेल्ट, फोम आणि कापडाचे थर येतात.

बहुतेक गुणदोष या रचनेतूनच येतात. बनवायला सोपी म्हणून ही गादी पॉकेट स्प्रिंगच्या, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेल्या गादीपेक्षा स्वस्त पडते. आत पोकळी असल्याने हवा खेळती राहते. उकाड्यात फोमच्या गादीइतकी ती तापत नाही. चौकटीमुळे कडेला बसले तरी गादी सहसा फारशी दबत नाही.

मात्र एक स्प्रिंग दबली की शेजारच्याही खेचल्या जातात. त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हादरा जाणवतो. खांदा आणि कंबर यांना हवा तसा वेगवेगळा आधार मिळत नाही. काही वर्षांनी मधोमध खोलगट भाग पडतो, तारा कुरकुरतात. दमट किनारपट्टीवर गंजाचाही धोका असतो.

घेताना तारेचा गेज विचारा: आकडा जितका लहान, तितकी तार जाड. दर तीन-चार महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याशी फिरवा. पाहुण्यांची खोली, भाड्याचे घर किंवा एकट्याने झोपणारा यांच्यासाठी ही गादी पुरेशी आहे. जोडीदाराची झोप सावध असेल, तर पॉकेट स्प्रिंगसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत.