सगळ्यात खालचा प्रोग्राम

डेस्कटॉपचं बटण दाबल्यापासून पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटेपर्यंत आत काय घडतं, याकडे कोणी लक्ष देत नाही. दिसण्यासारखं काही नसतंच. पंखे फिरू लागतात, एखादा दिवा लागतो, पडदा काळाच राहतो. संगणकातल्या प्रत्येक प्रोग्रामला मदतीला कोणीतरी असतं: ब्राउझरला विंडोज असते, विंडोजला बायोस असतो. बायोसच्या खाली मात्र कोणीच नाही. बायोसचे बिघाड इतके गूढ का वाटतात आणि तो अपडेट करताना छातीत धस्स का होतं, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

वीज आली म्हणून प्रोसेसर लगेच कामाला लागत नाही. पॉवर सप्लाय आधी आपले १२, ५ आणि ३.३ व्होल्ट स्थिर करतो आणि मगच मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ हा इशारा देतो. तोवर प्रोसेसरला थोपवून धरलेलं असतं. इंटेलचा अगदी आजचा प्रोसेसरसुद्धा उठतो तो १९७८ सालच्या ८०८६च्या थाटात, १६ बिटांचा होऊन, आणि पहिली सूचना एका ठरलेल्या पत्त्यावरून वाचतो. हा पत्ता ४ जीबीच्या सीमेच्या फक्त १६ बाइट अलीकडे असतो. १६ बाइटांत मावून मावून काय मावणार? ‘तिकडे जा’ एवढा निरोप. ‘तिकडे’ म्हणजे मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या एका चिमुकल्या फ्लॅश चिपमध्ये, जिथे हा निरोपही असतो आणि बाकीचा बायोसही.

खरी पंचाईत पुढे आहे. या क्षणी संगणकाला स्मृतीच नाही. रॅमच्या पट्ट्या खोबणीत बसलेल्या आहेत, पण त्यांच्याशी कोणत्या वेगाने आणि किती व्होल्टवर बोलायचं हे अजून ठरायचं आहे. ते ठरवणाऱ्या प्रोग्रामला मधले आकडे लिहून ठेवायला जागा हवी, आणि जागा तर रॅममध्येच! इंटेलच्या यंत्रांत बायोस यातून वाट काढतो ती प्रोसेसरच्या आतली कॅश तात्पुरती रॅम म्हणून वापरून. एएमडीच्या रायझनमध्ये हे काम प्रोसेसरमध्येच दडलेला एक छोटा, वेगळा एआरएम प्रोसेसर उरकतो. मुख्य कोअर तोवर झोपलेले असतात.

काम किती नाजूक, तेही पाहू. डीडीआर५-६००० रॅमच्या प्रत्येक तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जेमतेम १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात मदरबोर्डच्या तांब्याच्या रेघेवरून संदेश सुमारे अडीच सेंटीमीटरच पुढे सरकतो. प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचं अंतर याहून जास्त, म्हणजे पहिला बिट पोहोचायच्या आत मागचे बिट निघालेले असतात. रेघांच्या लांबीतला मिलिमीटरचा फरकही इथे हिशेबात धरावा लागतो. म्हणून फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला हा मूळ प्रोग्राम, प्रत्येक रेघेवर ओळखीचे नमुने पाठवतं, परत वाचतं, वेळ किंचित मागेपुढे करतं आणि नेमका कोणत्या क्षणी बिट स्वच्छ वाचता येतो ते शोधतं. याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. डीडीआर५चा नवा संगणक पहिल्यांदा सुरू करताना पडदा कधी कधी कित्येक मिनिटं काळा राहतो, तो यामुळेच. घाबरून मधेच वीज बंद केली, की सगळा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून. एकदा जमलेली मापं साठवून ठेवली जातात, म्हणून पुढच्या वेळी तोच संगणक चटकन उठतो.

‘डिस्प्ले येत नाहीये’ ही दुरुस्तीच्या दुकानात रोज ऐकू येणारी तक्रार आता वेगळी दिसू लागेल. संगणक बंद आहे, एवढ्यावर थांबण्यात अर्थ नाही. तो किती पायऱ्या चढला आणि कुठे अडला, हा खरा प्रश्न. बायोसला हे सांगायचं असतं, पण ग्राफिक्सची जोडणी होईपर्यंत त्याला पडदाच नसतो. मग तो शिट्ट्या वाजवतो किंवा दिवे लावतो. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. हे एकामागून एक लागून विझतात. जो लागून राहिला, त्या पायरीवर घोडं अडलं. महागड्या बोर्डांवर दोन अंकी आकडाच दिसतो. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये ५५ म्हणजे रॅम सापडली नाही.

डीरॅमचा दिवा अडला, तर आपल्याकडचा जुना उपाय ठरलेला: वीज काढून रॅम उपसायची, खोडरबराने कडा पुसायच्या, पुन्हा बसवायची. हसण्यावारी नेण्यासारखा तो नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५च्या पट्टीला २८८ सोनेरी संपर्क असतात आणि त्यातल्या एकावर बसलेला मळही ट्रेनिंग फसवायला पुरतो. बहुतेक वेळा रबरापेक्षा पट्टी काढून नीट बसवण्याचाच गुण येतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर एकच पट्टी ठेवून पाहायचं, मग दुसरी.

दुसरा संशयित तीन व्होल्टचा, नाण्यासारखा सेल. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. या घड्याळाचा क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. या संख्येला १५ वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग गंमत होते. ब्राउझर एकेक संकेतस्थळ असुरक्षित ठरवू लागतो, कारण त्यांची प्रमाणपत्रं त्या जुन्या तारखेला अजून सुरूच झालेली नसतात. माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो आणि दोष असतो किरकोळ किमतीच्या सेलचा. सेल ठीक असेल, पण ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवण्याची, चुकीची मापं भरल्यामुळे संगणक उठत नसेल, तर वीज काढून ‘क्लिअर सीमॉस’च्या दोन पिना क्षणभर जोडल्या की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर परततो.

आता अपडेटचं. ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचा बायोस ८ केबीच्या रॉममध्ये कायमचा कोरलेला होता. बदल हवा तर चिपच बदलायची. आजच्या चिपमध्ये १६ किंवा ३२ एमबी असतात, म्हणजे दोन ते चार हजार पट जागा. तरी ती पुरत नाही. २०१९मध्ये रायझन ३००० आले तेव्हा एमएसआयने १६ एमबीच्या जुन्या मदरबोर्डांवर नव्या प्रोसेसरांची माहिती कोंबण्यासाठी बायोसमधली चकचकीत चित्रं काढून टाकली आणि काही जुन्या प्रोसेसरांचा आधारही सोडला.

अपडेटची खरी ताकद कळते ती प्रोसेसरच चुकतो तेव्हा. १९९४मध्ये पेंटियम काही भागाकार चुकवतो हे उघडकीला आलं. चूक सिलिकॉनमध्ये होती. चिप बदलून देण्यापलीकडे इलाज नव्हता आणि इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवावा लागला. पुढच्याच वर्षी आलेल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसर सूचनांचा अर्थ कसा लावतो ते ठरवणारा सर्वांत आतला थर, बाहेरून दुरुस्त करण्याची सोय होती. तीच सोय २०२४मध्ये कामी आली. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि हळूहळू झिजत होते. खेळ मधेच बंद पडत, निळा पडदा येई. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ क्रमांकाचा मायक्रोकोड आला आणि त्यानं व्होल्टेजला लगाम घातला. तो लोकांपर्यंत पोहोचला मुख्यतः बायोस अपडेटमधून. झिजलेला प्रोसेसर त्यानं बरा होत नाही, पण धडधाकट वाचतो. शिवाय ही दुरुस्ती प्रोसेसरमध्ये कायम राहत नाही, वीज गेली की पुसली जाते. म्हणून दर वेळी संगणक सुरू होताना बायोस ती नव्यानं भरतो. कारखान्यातून निघालेल्या चिपची डागडुजी रोज होते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा जुना सल्ला म्हणूनच आता पुरता खरा नाही. अपडेटच्या माहितीत प्रोसेसरची स्थिरता किंवा सुरक्षेचा उल्लेख असेल, तर हात लावावा. फक्त नव्या प्रोसेसरांची भर असेल आणि आपल्याला नवा प्रोसेसर घ्यायचा नसेल, तर सोडून द्यावं.

पण बायोस स्वतःलाच पुसून पुन्हा लिहितो कसा? बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्यासारखं हे वाटतं, पण तसं होत नाही. लिहिणारा प्रोग्राम तोवर रॅममध्ये जाऊन बसलेला असतो. फ्लॅश चिपमध्ये लिहिताना १ चा ० करता येतो, ० चा १ करता येत नाही. त्यासाठी निदान ४ केबीचा अख्खा तुकडा पुसून सगळे १ करावे लागतात. असा एकेक तुकडा पुसत, लिहीत, तपासत काम पुढे जातं. अर्ध्यावर वीज गेली तर रॅम रिकामी होते आणि चिपमध्ये उरतो अर्धा बायोस. पुढच्या वेळी प्रोसेसर ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे धड निरोपच नसतो. हे घात करण्यासाठीही वापरता येतं, ते सीआयएच विषाणूनं दाखवलं. तैवानमधल्या एका विद्यार्थ्यानं १९९८मध्ये लिहिलेल्या या विषाणूनं २६ एप्रिल १९९९ रोजी हार्ड डिस्कचा आरंभ तर पुसलाच, शिवाय काही मदरबोर्डांवर बायोसही पुसला.

तेव्हा तयारी नीट हवी. मदरबोर्डचं मॉडेलच नव्हे, त्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांकही पाहावा. विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये सध्याची बायोस आवृत्ती दिसते. फाइल फक्त मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावी आणि एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकावी. बदललेल्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण ती बहुधा पुसली जातात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर तात्पुरता थांबवावा आणि त्याची ४८ अंकी किल्ली हाताशी ठेवावी. कारण बायोस बदलला की सुरक्षा चिपला हा संगणक ओळखीचा वाटेनासा होतो आणि ती किल्ली मागितली जाऊ शकते. भरवशाची वीज नसेल तिथे यूपीएसशिवाय या वाटेला जाऊच नये. अपडेटनंतर संगणक दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झाला किंवा पडदा बराच वेळ काळा राहिला, तर ते पुन्हा चाललेलं ट्रेनिंग असतं. बटणाकडे हात नेऊ नये.

एक कोडं मात्र बरीच वर्षं छळत होतं. नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखू येत नाही, आणि बायोस अपडेट करायला चालणारा प्रोसेसर लागतो. २०१८मध्ये एएमडी अशा अडलेल्या ग्राहकांना अपडेटपुरता एक जुना प्रोसेसर चक्क उसना पाठवत असे. आता अनेक मदरबोर्डांवर त्यासाठी बटणच आलं आहे. कोणी त्याला ‘बायोस फ्लॅशबॅक’ म्हणतं, कोणी ‘क्यू-फ्लॅश प्लस’. पॉवर सप्लाय जोडायचा, ठरवून दिलेल्या यूएसबी खोबणीत पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं. प्रोसेसर नको, रॅम नको. बोर्डावरचा एक स्वतंत्र छोटा नियंत्रक फाइल वाचून चिपमध्ये उतरवतो. ज्याच्याखाली कोणी नव्हतं, त्याला शेवटी एक आधार मिळाला.

हे बटण नसलेल्या बोर्डाचाही खेळ संपलेला नसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ‘चिप लेव्हल’ काम करणारे कारागीर त्या आठ पायांना चिमटा लावतात आणि यूएसबी प्रोग्रामरनं लॅपटॉपवरून बायोस थेट चिपमध्ये लिहितात. तारा शाबूत, प्रोसेसर शाबूत, बिघडला होता तो फक्त मजकूर. अपडेट फसून ‘मेला’ म्हणून टाकून दिलेल्या मदरबोर्डाला हवी असते ती १६ एमबीची एक बरोबर फाइल. तेव्हा भंगारवाल्याला बोलवण्याआधी चिमटेवाल्याकडे जावं.