अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा कोणाच्या हाती द्यावी?

पूर्वी आजी अंथरुणाला लागली, तर पाणी द्यायला, कूस बदलायला घरात चार हात असत. आज खानापूर-बेळगावकडील कित्येक घरांत मुलगा आखातात, सून मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात, आणि म्हाताऱ्या आईजवळ पगारी बाई, अशी स्थिती आहे. तिला ठेवताना आपण विचारतो काय? स्वयंपाक येतो का, रात्री राहशील का, पगार किती घेशील. तिची नजर कशी आहे, हे मात्र पुष्कळदा कोणी पाहत नाही.

गोठ्यात आपण असे करत नाही. गाईने रवंथ सोडले, कान गार लागले, शेण पातळ पडले, की चांगला राखणारा धन्याच्या आधी ओळखतो. मुक्या जनावराचे दुखणे पाहूनच कळते, हे त्याला ठाऊक असते. लकव्याने वाचा गेलेल्या म्हाताऱ्याचेही तसेच आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सुमारे १८६० साली शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात रुग्णाच्या निरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पाठीला पडणाऱ्या जखमा बहुधा रोगामुळे नव्हे, तर शुश्रूषेतील उणिवेमुळे होतात, असे त्यांचे मत होते. सगळ्याच जखमा टळतात असे नाही, पण बऱ्याच टळतात.

या जखमा, म्हणजे बेडसोअर, होतात कशा? एकाच जागी भार पडून राहिला की तेथील रक्तपुरवठा अडतो आणि कातडी मरू लागते. माकडहाड, टाचा, कमरेच्या बाजू, खांद्याची हाडे, ही मुख्य ठिकाणे. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडावी. लाली क्षणभर फिकी न होता तशीच राहिली, तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून पाहावे. आजूबाजूपेक्षा जागा ऊन, घट्ट किंवा दुखरी लागते. अशा जागेवर चोळू नये, खालची नाजूक कातडी त्याने अधिकच दुखावते. रबरी चकतीवर बसवणेही चांगले नाही, तिच्या कडेने भोवतालचे रक्त अडते. साध्या गादीवर निजलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, चादरीला सुरकुती नसावी, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी. माणसाला ओढून सरकवू नये, दोघांनी चादरीसकट उचलावे. नवी बाई ठेवताना आपल्यासमोर एकदा कूस बदलायला सांगावी. ओढते की उचलते, आधी "आजी, आता वळूया हं" म्हणते की मुकाट्याने हात घालते, एवढ्यावरून पुष्कळ कळते.

भरवण्याचीही हीच कथा. निजवून पाजलेली पेज श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. ताठ बसवावे, लहान चमचा द्यावा, घोट उतरल्यावरच दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसते ठेवावे. खोकला आला की थांबावे. घाई असलेल्या माणसाला हे काम जमत नाही.

काल नीट बोलणारी आई आज अचानक बरळू लागली, तर "वयच झाले" म्हणून सोडू नये. लघवीचा संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, नवे औषध, यांपैकी काहीही असू शकते. हा बदल जी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालते, ती खरी कामाची.

आणखी एक गोष्ट. ज्या आजोबांना स्वतः दाढी करता येते, त्यांची दाढी भराभर उरकून टाकणारी बाई चटपटीत दिसते खरी. परंतु हाताची उरलेली शक्ती अशानेच जाते. अंग पुसताना दार लोटून घेणे, अंगावर पांघरूण ठेवणे, रोग्यासमोर त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखे न बोलणे, हे तर असावेच.

आता घरच्यांविषयी. रात्रभर दर दोन तासांनी उठणाऱ्या बाईला दिवसा सलग झोप मिळालीच पाहिजे. तीच भांडी घासणार, तीच गोठा झाडणार, तर आजीकडे पाहणार कोण? पगार ठरल्या तारखेला द्यावा आणि आठवड्यातून एक दिवस सुटी. त्या दिवशी आईचे अंग घरच्यांनी पुसावे, आणि तिची पाठ व टाचा उजेडात नीट पाहून घ्याव्यात.