कपाटातला ग्रँडमास्टर

११ मे १९९७, न्यूयॉर्क. सामन्याचा सहावा, शेवटचा डाव, गुण अडीच-अडीच. जगज्जेता गॅरी कास्पारोव्हकडे काळी मोहरी होती. समोर आयबीएमचा एक माणूस बसलेला. डीप ब्लू हा संगणक स्क्रीनवर सांगेल ती खेळी पटावर करायची, एवढंच त्याचं काम. सातव्या खेळीला कास्पारोव्हने हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि यंत्राने लगेच एका प्याद्यासाठी घोडा देऊन टाकला. एकोणिसाव्या खेळीनंतर कास्पारोव्ह उठला. हरला होता.

डीप ब्लू म्हणजे साडेसहा फुटी दोन काळी कपाटं, वजन १.४ टन. आत खास बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या. मी अमुक खेळलो तर तो तमुक खेळेल, मग मी काय, अशा फांद्या फोडत खोल जायचं आणि टोकाच्या प्रत्येक स्थितीला गुण द्यायचे. राजा किती सुरक्षित, हत्तीला मोकळी पट्टी आहे का, कुठलं प्यादं एकटं पडलंय. पण कशाला किती गुण, हे कपाटाला कुठून कळणार? ते शिकवायला जोएल बेंजामिन, मिगेल इयेस्कास असे ग्रँडमास्टर पगारावर होते. तो घोडासुद्धा यंत्राच्या डोक्यातून आलेला नव्हता. त्याच सकाळी आम्ही ती खेळी त्याच्या सुरुवातीच्या खेळ्यांच्या साठ्यात घातली होती, असं इयेस्कासने पुढे सांगितलं. म्हणजे जगज्जेता हरला तो यंत्राशी जितका, तितकाच पडद्यामागच्या आपल्याच जातभाईंशी.

माणूस विरुद्ध यंत्र या लढाईत एक मराठी नावही आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. ‘नवाकाळ’च्या खाडिलकरांच्या घरातल्या तीन बुद्धिबळपटू बहिणींपैकी रोहिणी. तेराव्या वर्षी, १९७६ साली राष्ट्रीय महिला विजेती, १९८१ साली आशियाई विजेती. त्यांनी १९८९ मध्ये लंडनला बुद्धिबळाच्या संगणकाला हरवलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई, असं सांगितलं जातं. असले ‘पहिले’पण मोजणं अवघड, पण तेव्हा संगणकाला हरवणं ही बातमी होऊ लागली होती, यातच बदललेला काळ दिसतो.

१९९८ मध्ये इटलीतल्या इस्किया बेटावर विश्वनाथन आनंद ‘रेबेल १०’ या प्रोग्रामशी आठ डाव खेळला आणि ३-५ हरला. तपशील मजेशीर आहे. चार ब्लिट्झ (झटपट) आणि पंधरा मिनिटांच्या दोन डावांत मिळून यंत्राने बाजी मारली. पण विचाराला तासन्‌तास मिळणाऱ्या दोन डावांत आनंदला दीड गुण, यंत्राला अर्धा. पुरेसा वेळ दिला की माणूस तेव्हा अजून वरचढ होता.

२००६ मध्ये बॉनला तेही संपलं. डीप फ्रिट्झ दुकानात विकत मिळणारा प्रोग्राम होता. त्याच्यापुढे जगज्जेत्या व्लादिमिर क्रामनिकने वजीर हलवला आणि पुढच्याच खेळीची मात त्याला दिसली नाही! यंत्राचा पांढरा वजीर त्याच्या राजाशेजारी येऊन बसला, डाव खलास. सामना ४-२ यंत्राचा.

त्यानंतर असे सामने भरवण्यात फारसा कुणाला रस उरला नाही. २००८ मध्ये आलेला स्टॉकफिश हा प्रोग्राम आज जालन्यातलं शाळकरी पोरगंही मोबाईलवर फुकट उतरवून घेतं, हरलेला डाव त्याला दाखवतं आणि कुठे चुकलं ते विचारतं. ग्रँडमास्टरही तयारीला त्याच्याकडेच जातात. स्पर्धेत मात्र उलट. डाव चालू असताना खेळाडूच्या खिशात मोबाईल सापडला तर सहसा तो हरला असं धरतात, मग तो नऊ वर्षांचा असो की जगज्जेता.