किनारा हाती, घाट परका

वसईतल्या पोर्तुगीज सत्तेचा अंत तोफांनी झाला, हे खरेच. पण ती सत्ता पोकळ कशाने झाली, याचे उत्तर घाटावर शोधावे लागते.

नाशिकला पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचे मंदिर आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये ते बांधले. त्याच्या दर्शनी भागात टांगलेली भलीमोठी घंटा सिन्नर-नाशिक ये-जा करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. ही घंटा मूळची चर्चची, वसईच्या मोहिमेतून वर आलेली. अशाच घंटा भीमाशंकरला आहेत, वाईजवळ मेणवलीलाही आहेत. दोनशे वर्षे टिकलेले एक युरोपीय राज्य कोकणात अवघ्या दोन वर्षांत कोसळले, तेव्हा त्या घाट चढून आल्या.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या धास्तीने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे १५५९ मध्ये दमण त्यांच्या हाती आले आणि दमणपासून चौलपर्यंत त्यांचा ‘उत्तरेचा प्रांत’ उभा राहिला. वसई ही त्याची राजधानी. साष्टी, ठाणे, उरण, केळवे-माहीम, तारापूर हे सारे त्यात आले. मात्र हा प्रांत म्हणजे समुद्राला चिकटलेली एक चिंचोळी पट्टी होती. अशेरीसारखे एखाददुसरे डोंगरी ठाणे सोडले तर सह्याद्री त्यांचा कधीच नव्हता.

कोकणचा किनारा आणि घाटमाथा यांची ही ओढाताण पोर्तुगीजांपेक्षा जुनी. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे, सेऊणपुराचे, स्थान अभ्यासक सिन्नरलाच मानतात. त्याच यादव घराण्यातल्या महादेवाने १२६५च्या सुमारास शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर याचा पराभव करून उत्तर कोकण घेतले. थळघाटातून माल खाली उतरायचा आणि फौजाही. किनाऱ्यावर बंदर बांधणाऱ्याला पाठीमागच्या डोंगराचा हिशेब चुकवता येत नसे.

पोर्तुगीजांनी तो पैसे देऊन मिटवला. दमणच्या परिसरातल्या गावांना उपद्रव होऊ नये म्हणून ते रामनगरच्या कोळी राजाला उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा देत. ही चौथाई. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये रामनगर जिंकले आणि तिथल्या राजाचा हक्क आता आपला म्हणून पोर्तुगीजांकडे चौथाई मागितली. सीमेवरच्या एका छोट्या राजाशी केलेली तडजोड आता एका वाढत्या सत्तेचा दावा होऊन पुढे उभी राहिली.

तोवर समुद्रावरचा वचकही उतरला होता. १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता, म्हणजे वसईचा धनीही तोच. त्यामुळे स्पेनचे वैरी ते पोर्तुगीजांचेही वैरी झाले. १६२२ मध्ये इराणने इंग्रजांच्या मदतीने होर्मुझ घेतले. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का आणि १६६३ मध्ये कोचीन जिंकले. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली आणि वसईच्या उंबऱ्यात नवा शेजारी आला.  

वसईत दुखणे आतूनही होते. राजाने फिदाल्गो सरदारांना गावे दिली ती लष्करी चाकरीच्या अटीवर. पिढ्या उलटल्या तसे उत्पन्न घरी आले, चाकरी मात्र कागदावर उरली. दुसरीकडे देवळे पाडणे, हिंदूंच्या सणा-संस्कारांवरील बंदी आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचा धाक यांमुळे रयत दुरावली. मालाडचे सरदेसाई अंताजी रघुनाथ कावळे आणि अंजूरचे गंगाजी नाईक ही तिथलीच वतनदार मंडळी. त्यांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेली आणि मोहिमेला वाटा, उतार, माणसे दाखवली. ज्या मुलखातले खोत-देशमुखच शत्रूला वाट दाखवतात, तिथे तटबंदी कितीही जाड असली तरी काय उपयोग?

मार्च १७३७ च्या अखेरीस बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या फौजेने ठाणे घेतले. तिथला किल्ला तेव्हा बांधून पुराही झाला नव्हता. साष्टी हातची गेली आणि वसई एकाकी पडली. ती मात्र लगेच पडली नाही. मधल्या काळात बाजीराव उत्तरेत, भोपाळच्या स्वारीत गुंतले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर पडले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यात शिरून मडगाव गाठले. गोव्यालाच वेढा बसल्यासारखा झाल्यावर वसईला कुमक पाठवणार कोण? मुंबईकर इंग्रजांनी थोडी दारू आणि थोडे कर्ज दिले, तेही चर्चची चांदी गहाण ठेवून घेऊन. भांडणात पडायची त्यांची इच्छा नव्हती.

फेब्रुवारीत वेढा पडला. मराठ्यांनी दलदलीच्या बाजूने मोर्चे नेले, सुरुंग खणले, बुरूज उडवले. १६ मे १७३९ रोजी तहाच्या अटी ठरल्या आणि २३ मे रोजी वसईत भगवा चढला. उत्तर प्रांतातून पोर्तुगीजांकडे उरले ते दमण; चौलही पुढच्या वर्षी तहात गेले.

तहाच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याची मोकळीक दिली. वसईचा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज त्यानंतरही तिथेच नांदला. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याच मातीतले. परकी सत्ता गेली म्हणजे तिच्या काळात घडलेली माणसे परकी होत नाहीत, हे त्या तहाने मान्य केले होते.

मात्र मराठ्यांच्या हातात आली ती त्याच कोड्याची दुसरी बाजू. घाट त्यांचा होता, किल्ले त्यांचे होते. पण समुद्रावरचा जोर कमी पडला. आंग्र्यांचे आरमार खुद्द पेशव्यांनीच १७५६ मध्ये इंग्रजांच्या मदतीने विजयदुर्गावर मोडले होते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८० मध्ये वसई. सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, पण १८०२ च्या अखेरीस त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या तहावर सही केली.

पोर्तुगीजांकडे किनारा होता, घाट नव्हता. मराठ्यांकडे घाट होता, समुद्र नव्हता. इंग्रजांनी १८१८ मध्ये घाटावरचे किल्ले घेतले, सिन्नर-नाशिकचा मुलूख ताब्यात आणला आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर चढवली. समुद्र, घाट आणि देश आता एका धन्याच्या ताब्यात आले, म्हणूनच त्या धन्याला हलवायला एखादी मोहीम पुरली नाही. गावोगावची माणसे उठावी लागली.